खंडाळ्याच्या खडकावरच्या टापा

बायबलमध्ये एखाद्या माणसाला महत्त्व असलं की आधी त्याच्या बापाचं नाव येतं, मग कूळ येतं, कधी कधी दहा पिढ्यांची वंशावळ येते. एलीया मात्र ‘पहिले राजे’ या पुस्तकाच्या सतराव्या अध्यायात एकदम समोर उभा राहतो. गिलादमधला, तिश्बे गावचा, एवढीच त्याची ओळख. ना बाप, ना लहानपण, ना देवाने त्याला बोलावल्याची काही हकिकत. आल्या आल्या तो इस्राएलच्या अहाब राजाला सांगतो की माझ्या शब्दाशिवाय या देशात पाऊस पडायचा नाही, दवसुद्धा नाही, आणि चालता होतो. शेवटही तसाच. त्याला मरण नाही, कबर नाही. यार्देन नदीपलीकडे अग्नीचा रथ आणि अग्नीचे घोडे येतात आणि वावटळीतून तो वर जातो. मागे राहिलेल्यांतली पन्नास धट्टीकट्टी माणसं तीन दिवस डोंगरदऱ्या धुंडाळतात. तो सापडत नाही.

आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले यहुदी, त्याला एलियाहू हन्नाबी म्हणतो. आमच्या धर्मात मूर्ती नाही, चित्राची पूजा नाही, तरी कोकणातून आलेल्या आमच्या कितीतरी घरांच्या भिंतीवर अग्निरथात उभ्या असलेल्या पांढऱ्या दाढीच्या या म्हाताऱ्याची तसबीर असते. ठाण्यातल्या माझ्या घरीही आहे. नवस बोलायचा तर त्याला, मूल आजारातून उठलं की गोड पोह्यांचा मलिदा त्याच्या नावाचा, नव्या घरात पाऊल टाकायचं, मुलाला परदेशी धाडायचं, लग्नाची मेंदी काढायची, तर आधी त्याचं नाव. माझी सारी नोकरी शाळेत इतिहास शिकवण्यात गेली. त्यामुळे हा प्रश्न मला कधी सोडत नाही : अब्राहाम होता, मोशे होता, दावीद होता, कोकणात तेलाचे घाणे चालवणाऱ्या आमच्या पूर्वजांनी एवढ्या सगळ्यांतून आपला कैवारी म्हणून हा एकांडा, तापट, रानावनात राहणारा माणूस का धरला?

उत्तर शोधायचं तर आधी त्याच्या काळात जायला हवं. अहाब ही काही गोष्टीतली कल्पना नाही. १८६१ साली आजच्या तुर्कस्तानात कुर्ख इथे अश्शूरचा राजा शाल्मनेसर तिसरा याची शिळा मिळाली. इसवी सनापूर्वी ८५३ मध्ये कर्कर इथे झालेल्या लढाईत आपल्याविरुद्ध कोण कोण उभं राहिलं त्याची यादी त्याने तिच्यावर कोरून ठेवली आहे. त्या यादीत इस्राएलचा अहाब आहे, दोन हजार रथ आणि दहा हजार पायदळासह. शत्रूने मोजलेले रथ आहेत, आकडा फुगवलेलाही असेल. पण त्या जुटीत कुणाच्याही नावावर एवढे रथ नाहीत. एलीया पायी चालत येऊन ज्याच्यासमोर उभा राहिला, तो असा राजा होता. कथेत पुढे रथ पुन्हा पुन्हा येतात, ते उगाच नाही. कर्मेल डोंगरावरून पाऊस सुरू होतो तेव्हा अहाब रथात बसतो आणि एलीया कमर कसून त्या रथापुढे इज्रेलच्या वेशीपर्यंत धावतो. म्हातारा भविष्यवादी राजाच्या घोड्यांच्या पुढे पळतो आहे! बायबलमधली याहून विलक्षण शर्यत मला ठाऊक नाही. आणि ज्याच्याकडे आयुष्यभर एक कांबळं आणि कमरेचा चामडी पट्टा याखेरीज काही नव्हतं, त्याच्यासाठी शेवटी जो रथ येतो तो राजाच्या दोन हजारांतला नसतो.

पावसाचंही तसंच. अहाबची राणी ईजबेल सीदोनच्या राजाची मुलगी. तिच्या माहेरचा देव बआल. १९२९ पासून सीरियाच्या किनाऱ्यावर रास शाम्रा इथे उगारित नगराचं उत्खनन झालं, तिथल्या मातीच्या पाट्यांनी बआल कोण होता ते स्पष्ट केलं : ढगांवर स्वार होणारा, गडगडाट करणारा पर्जन्यदेव. म्हणजे एलीयाने आव्हान दिलं ते त्या देवाच्या हुकमी बाबीत. त्या काळच्या दुष्काळाची आठवण सीदोन-सोरच्या बाजूलाही राहिली असावी. योसेफस हा यहुदी इतिहासकार मेनांदर नावाच्या जुन्या लेखकाचा दाखला देतो, की ईजबेलच्या बापाच्या कारकिर्दीत वर्षभर पाऊस पडला नव्हता.

आता तो भाग, जो मला सगळ्यांत जवळचा वाटतो. दुष्काळ पुकारून एलीया करीथ ओहोळाकाठी लपतो. तिथे कावळे त्याला सकाळ-संध्याकाळ भाकर आणि मांस आणून देतात. मोशेच्या नियमशास्त्रात कावळा अशुद्ध पक्ष्यांत मोडतो. त्याच्या चोचीतून आलेलं अन्न देवाच्या कडव्या भक्ताने खावं, याचं पुढच्या पंडितांना इतकं अवघड वाटलं, की ते कावळे नसून त्या नावाची माणसं असतील असाही अर्थ काहींनी लावून पाहिला. ओहोळ आटतो. मग देव त्याला पाठवतो कुठे, तर सारफथला. सारफथ सीदोनच्या मुलखात, ईजबेलच्या माहेरी, बआलाच्या भक्तांमध्ये. गावाच्या वेशीवर एक विधवा काटक्या गोळा करत असते. तो तिच्याकडे पाणी मागतो, मग भाकर मागतो. ती म्हणते, मडक्यात मूठभर पीठ आहे आणि कुपीत थोडं तेल. दोन काटक्या न्यायच्या, माझ्यासाठी आणि लेकासाठी शेवटचं भाजायचं, खायचं आणि मरायचं. यावर तो म्हणतो, आधी माझ्यासाठी एक छोटी भाकर कर.

हे वाक्य मला फार दिवस खुपायचं. मरायला टेकलेल्या बाईकडे आधी माझं म्हणून मागणारा हा कसला देवमाणूस? पण गावाकडच्या बायकांमध्ये वाढलेल्या माणसाला ते हळूहळू कळतं. दारात आलेल्याला आधी वाढायचं, मग घरच्यांनी खायचं, ही रीत ज्या घरात काही नसतं तिथेच सगळ्यांत कडक पाळली जाते. ती परधर्मी बाई त्याला वाढते. आणि पुन्हा पाऊस पडेपर्यंत मडक्यातलं पीठ सरत नाही, कुपीतलं तेल आटत नाही. पुढे तिचा मुलगा आजारी पडून दगावतो, तेव्हा हाच माणूस देवाशी भांडतो, की ज्या बाईने मला आसरा दिला तिच्यावरच तू हे आणलंस? मुलावर तीनदा पालथा पडून त्याचा प्राण परत मागतो. आणि त्याला तो मिळतो.

कर्मेलवरचा प्रसंग सगळ्यांना माहीत असतो, म्हणून मी त्यावर थांबत नाही. एकीकडे बआलाचे साडेचारशे भविष्यवादी, दुसरीकडे हा एकटा. वेदीवर बारा घागरी पाणी ओतलेलं. वरून अग्नी येतो आणि लाकूड, दगड, माती, चरातलं पाणी सगळं चाटून जातो. त्यानंतर किशोन ओढ्यापाशी त्या साडेचारशे माणसांची कत्तल होते. ते वाचताना माझं मन मागे सरतं आणि ते सरलं पाहिजे असं मला वाटतं. पण बायबलही एलीयाला विजयाच्या जागी फार वेळ उभं ठेवत नाही. ईजबेलचा एक निरोप येतो आणि अग्नी उतरवणारा हा माणूस जीव घेऊन रानात पळतो, एका रतामाच्या झुडपाखाली बसून मरण मागतो. देवदूत त्याला उपदेश करत नाही. त्याच्या उशाशी निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचा चंबू ठेवतो आणि म्हणतो, ऊठ, खा. दोनदा. मग चाळीस दिवस चालून होरेब डोंगर. तिथे वारा, भूकंप, अग्नी, आणि देव त्यांतल्या कशातच नाही. मग एक अगदी हलका, जवळजवळ न ऐकू येणारा आवाज. त्या आवाजापुढे एलीया जे गाऱ्हाणं मांडतो ते असं : तुझ्या लोकांनी करार सोडला, आणि आता मी एकटाच उरलो आहे.

‘एकटाच उरलो आहे.’ आमच्या लोकांची कथा इथेच त्याला येऊन मिळते असं मी मानते.

आमची परंपरा सांगते, की फार जुन्या काळी अलिबागच्या उत्तरेला नवगावजवळ एक जहाज फुटलं. सात पुरुष आणि सात बायका वाचल्या; बाकीच्यांना नवगावच्या किनाऱ्यावरच पुरलं. ती जागा आम्ही अजून मानतो. जहाजाबरोबर पुस्तकं गेली. वाचलेल्यांनी जवळच्या गावांत आसरा घेतला, तेलाचे घाणे टाकले, शेती केली, मराठी बोलू लागले, गावांवरून आडनावं घेतली : किहीमचे किहीमकर, पेणचे पेणकर, रोह्याचे रोहेकर. शनिवारी घाणा बंद, म्हणून लोक शनवार तेली म्हणत. पुस्तक नव्हतं, लिपी विसरली होती, दुसरे यहुदी जगात आहेत की नाहीत ठाऊक नव्हतं. उरलं होतं ते हातांत आणि तोंडात मावेल एवढंच : शनिवार पाळणं, आठव्या दिवशी मुलाची सुंता, खवले आणि पंख नसलेला मासा न खाणं, आणि ‘शेमा’ ही एक प्रार्थना. जन्म, लग्न, मरण, काहीही असो, तेवढी एकच म्हणायची. सणांची मूळ नावंही गेली होती. योम किप्पुर म्हणजे ‘दार फाळणीचा सण’, त्या दिवशी घरं बंद म्हणून. यरुशलेमचं मंदिर पडल्याचा उपास म्हणजे ‘बिरड्याचा सण’, त्या दिवशी वालाचं बिरडं खात म्हणून. कशासाठी उपास करतो ते आठवत नव्हतं. उपास मात्र चुकला नव्हता.

हाइम सॅम्युअल किहीमकर यांनी १८९७ साली आमच्या समाजाचा इतिहास लिहून पुरा केला. तो छापला गेला तब्बल चाळीस वर्षांनी, १९३७ साली, तेल अवीवमध्ये. त्यात या जुन्या सणांची जी नोंद आहे, तिच्यात ‘एलियाहू हन्नाबीचा उरूस’ आहे. शेवाट महिन्याची पौर्णिमा, म्हणजे आपल्याकडच्या पौष-माघातली. जगभरचे यहुदी हा दिवस झाडांचं नववर्ष म्हणून पाळतात. कोकणात तो एलियाहूचा झाला. श्रद्धा अशी, की स्वर्गाकडे जाताना त्याचा रथ अलिबागजवळच्या खंडाळे गावी टेकला. (लोणावळ्याचं खंडाळा नव्हे, हे मुंबईकरांना दरवेळी सांगावं लागतं.) तिथल्या खडकावर घोड्यांच्या टापांच्या आणि चाकांच्या खुणा आहेत, त्यांनाच आमचे लोक ‘एलियाहू हन्नाबीच्या टापा’ म्हणतात.

यार्देनकाठी निघालेला रथ रायगडात का टेकावा, असं शाळेतल्या माझ्या सहकारी बाईंनी एकदा फार आपुलकीने विचारलं होतं. मी तेव्हा श्रद्धा आहे एवढंच म्हटलं. आज मी त्यांना होरेबची गोष्ट सांगेन. एलीयाच्या गाऱ्हाण्यावर देवाचं उत्तर असं आहे, की तू एकटा नाहीस. बआलापुढे ज्यांचा गुडघा टेकला नाही असे सात हजार मी राखून ठेवले आहेत. ते सात हजार कोण, कुठले, एलीयाला कधी भेटत नाहीत. पुढच्या रब्बींनी, म्हणजे यहुदी धर्मपंडितांनी, यावर एक कथा रचली : ज्या माणसाने करार सोडल्याची तक्रार केली, त्यालाच देवाने शिक्षा म्हणा की मान म्हणा असा दिला, की यापुढे जगात जिथे जिथे सुंता, म्हणजे त्याच कराराची खूण, होईल तिथे साक्षीला तू हजर राहशील. म्हणून सुंतेच्या वेळी सगळीकडचे यहुदी एक रिकामी खुर्ची ठेवतात, एलियाहूची. सगळं विसरलेल्या आमच्या पूर्वजांनी जे चार धागे सोडले नव्हते, त्यांतला एक सुंतेचा. ज्यांना कुणी मोजत नव्हतं, अशा घरांतही तो यायला बांधील होता. मोशे नियम देऊन नेबो डोंगरावर मरण पावला, दावीद यरुशलेमात पुरला गेला. त्यांच्याकडे आपल्याला जावं लागतं. एलियाहू मेलाच नाही, म्हणून तो येऊ शकतो. नवगावला उतरलेल्यांना येऊ शकणारा माणूस हवा होता.

अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत आमचा एकटेपणा संपला. टिपू सुलतानाच्या कैदेतून सुटलेल्या सॅम्युअल दिवेकरांनी १७९६ साली मुंबईत आमचं पहिलं प्रार्थनालय बांधलं. कोचीनहून शिक्षक आले. मिशनरी जॉन विल्सन यांनी १८३२ साली मराठीतून हिब्रू व्याकरण छापलं. त्यांचा हेतू आम्हाला ख्रिस्ती करण्याचा होता, आमच्यातले फार थोडे झाले, पण हिब्रू पुष्कळांनी घेतली. १८८० च्या सुमारास मुंबईत आमच्या तरुणांनी बायबलच्या कथांवर मराठी कीर्तनं सुरू केली, पूर्वरंग-उत्तररंग, टाळ, झांज सगळ्यासह. पुस्तक परत मिळालं होतं. आणि पुस्तक मिळालं तशी नवी शंकाही आली, ती मलिद्याबद्दल. उरूस हा शब्द दर्ग्याचा, मलिदा दर्ग्यावरचा, नवस शेजाऱ्यांचा; यहुदी धर्मात हे कुठे आहे? आमच्यातल्या काही विद्वानांनी त्याचा धागा लेवीयच्या दुसऱ्या अध्यायातल्या अन्नार्पणाशी जोडला, ज्यात पीठ, तेल आणि धूप असतो. शेजारच्या मुसलमानांकडून नाव आणि रीत आली असणार, हे मला उघड दिसतं आणि त्यात लाज वाटण्यासारखं काही दिसत नाही. एलीयाने सारफथला जे खाल्लं ते कुणाच्या चुलीवरचं होतं?

मलिदा करायचा तो असा. पोहे धुऊन निथळत ठेवायचे, भिजून त्यांचा लगदा होऊ द्यायचा नाही. ओल्या नारळाचा चव, गूळ किंवा साखर, वेलची, जायफळ, बदाम, बेदाणे. हलक्या हाताने कालवून ताटात शीग लावायची, वर गुलाबाच्या पाकळ्या. भोवती पाच तऱ्हेची फळं, त्यात खजूर आणि केळी असायचीच. प्रार्थनेला शक्य तर दहा पुरुष. एलियाहूचं हिब्रू गीत म्हणतात, मग इसहाकाने याकोबाला दिलेल्या आशीर्वादाची वचनं, ज्यात आकाशाचं दव आणि धान्याची रेलचेल मागितली आहे. एलीयाने रोखून धरलेलं ते दव! मग एकेक आशीर्वाद : झाडावरच्या फळाचा, जमिनीतून उगवलेल्याचा, धान्याचा, आणि सुवासाचा, त्यासाठी सब्जाची डहाळी हातोहात फिरते. आशीर्वाद पुरुष म्हणत आले, पण ताट आजीचं असे, आईचं असे. पोहे किती भिजवायचे हे कुठल्याही हिब्रू पोथीत नाही. पुस्तक नसलेल्या शतकांत आमचा धर्म मुख्यतः स्वयंपाकघरात टिकला, आणि ज्या संदेष्ट्याची सगळी करुण कथा पीठ, तेल आणि भाकर यांभोवती आहे, तो बायकांनी आपला मानला, यात मला आश्चर्य वाटत नाही. त्यातून आम्ही जातीचे तेली. न आटणाऱ्या कुपीची गोष्ट घाण्यावर राबणाऱ्या घरात कशी ऐकली गेली असेल, याचा मी नेहमी विचार करते.

१९४८ नंतर आमचे बहुतेक लोक इस्राएलला गेले. तिथे साठच्या दशकात तसाच एक प्रश्न उभा केला गेला, की तुम्ही पुरते यहुदी आहात का? लग्नं नोंदवण्याआधी आमच्या आज्या-पणज्यांची चौकशी होऊ लागली. आमची माणसं यरुशलेमात धरणं धरून बसली, आणि १९६४ साली तिथल्या संसदेने ठराव केला की बेने इस्राएल सर्व बाबतींत इतर यहुद्यांच्या बरोबरीचे आहेत. त्या झगड्यात कोकणातलं पुष्कळ काही लपवावंसं वाटलं असतं तर नवल नव्हतं. मलिदा लपवला गेला नाही. दिमोना, अश्दोद, लोद, रामले इथली आमची कुटुंबं पोह्यांची ताटं घेऊन हैफाला जातात, कर्मेल डोंगराच्या पायथ्याशी एलियाहूची गुहा म्हणून मानलेली जागा आहे तिथे. म्हणजे प्रवास उलटा झाला : रथ कर्मेलच्या मुलखातून खंडाळ्याला आला असं आम्ही मानत होतो, आता खंडाळ्याचा मलिदा कर्मेलला जातो.

इकडे भारतात आम्ही चार-पाच हजार उरलो असू. खंडाळ्याच्या खडकाकडे अजून मुंबई-ठाण्याहून बसगाड्या जातात. अलिबागच्या इस्राएल आळीतल्या प्रार्थनालयातही लोक थांबतात. दहा पुरुष जमले नाहीत तर आहेत तेवढ्यांत मलिदा होतो, आणि हल्ली काही घरांत बायका स्वतःच आशीर्वाद म्हणतात. जुन्या माणसांना हे चालत नाही. मला चालतं. सारफथला तर घरात एक बाई, एक पोर आणि एक परका माणूस, एवढेच होते.